नाक्सोसला दोघं या

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
११ फेब्रुवारी २०२६

आशू,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. निळं पाणी, पांढरी घरं. मला आधी डेंटिस्टचं वाटलं. दात साफ करून घ्यायची आठवण ते असल्याच कार्डांवर पाठवतात. जाहिरातींच्या ढिगात टाकणारच होते, तेवढ्यात ते उलटं झालं आणि तुझं अक्षर दिसलं.

‘नाक्सोस बेट, ग्रीस. २० ते २४ मे. दोघं या. एकच कुणी येणार असेल तर येऊ नका.’

एवढंच. घाईत लिहिल्यासारखं वाटतं, पण तू ते घाईत लिहिलं नसणार. सव्वा वर्ष गप्प राहिलेलं माणूस घाईत लिहीत नाही.

आम्ही येतो. हे आधी लिहून टाकते.

जाताना एअरपोर्टवर तू म्हणाली होतीस, फोन करू नका. पत्र लिहू नका असं म्हणाली नव्हतीस, हे मला काल कार्ड हातात धरल्यावर सुचलं. म्हणून लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहायला बसले की मी तुझ्या शाळेच्या ऑफिसला लिहिल्यासारखी लिहिते. रविवारच्या मराठी शाळेत तू शेवटच्या रांगेत बसून ओठ हलवत वाचायचीस आणि मोठं जोडाक्षर आलं की माझ्याकडे रागानं बघायचीस. तसंच वाच. मी सोपं लिहीन.

बाबानं कार्ड वाचलं. मग चष्मा लावून परत वाचलं.

“ग्रीस?”

“हो.”

“मेमध्ये आमच्या सॉफ्टवेअरचा रिलीज असतो.”

“विनय.”

“अगं, मी कुठे नाही म्हणतोय? बघू ना.”

त्याचं ‘बघू’ तुला पाठ आहे. पण नंतर त्यानं कार्ड फ्रिजवर लावलं. समोरची बाजू नाही, तुझ्या अक्षराची.

तू हेच बेट का निवडलंस ते मला कळलं नाही असं समजू नकोस. तू नऊ वर्षांची असताना डेंटिस्टच्या खोलीत असंच चित्र होतं. तू विचारलंस, हे कुठेय? बाबा म्हणाला, ग्रीस, ग्रीनकार्ड आलं की पहिलं तिकीट तिथलंच. आपल्या घरात सगळंच तेव्हा होणार होतं. पियानो तेव्हा. मागच्या अंगणात झोपाळा तेव्हा. कुत्राही तेव्हाच. त्याचं नाव तू ‘भुर्जी’ ठरवून ठेवलं होतंस आणि शाळेत सगळ्यांना सांगितलं होतंस, म्हणून तुझ्या टीचरनी मला भुर्जीची तब्येत विचारली होती.

तू लिहिलं नाहीस, पण मी वाचलं: आता या, ग्रीनकार्ड न येता या.

आई

१ मार्च

आशू,

नाक्सोसबद्दल मला आता इतकं माहीत झालंय की मी तिथे गाइड म्हणून उभी राहू शकेन.

विमान अथेन्सपर्यंत. पुढे पिरेयसच्या बंदरातून बोट. लहान विमानही जातं, पण बोटीतून बेट हळूहळू मोठं होताना दिसतं म्हणे, आणि मला काहीतरी हळूहळू जवळ येताना बघायचंय. गावाला लागूनच एक बीच आहे, त्यात पाणी लांबपर्यंत गुडघाभरच. तो माझा. दक्षिणेला प्लाकाचा लांबच लांब किनारा, तो तुझा. एक दिवस गाडी घेऊन डोंगरातल्या गावांकडे. तिथे एका गावात गल्ल्यासुद्धा संगमरवरी आहेत. एक दिवस काहीच नाही. चार दिवसांत एक दिवस काहीच नाही, हे मी बाबाकडून कबूल करून घेतलंय.

खोली दोन बेडरूमची, कॅन्सल करता येईल अशी. मालकीणबाईंना मी ईमेलवर विचारलं, शेगडी आहे ना? त्यांनी उलट विचारलं, तुम्ही सुट्टीवर येताय ना? मी थालीपिठाची भाजणी आणणार आहे. हसू नकोस.

आज हेमचंद्रकाका आले होते. काकू गेल्यापासून रविवारी दुपारी येतात, वरण-भात खातात आणि आम्हाला जगाची माहिती देतात. डॉक्टरकी सोडल्यापासून वर्षाला तीन देश करतात. आपण ग्रीसला जाणार म्हटल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

“नाक्सोस? जाऊन आलोय मी. बंदराशेजारी टेकडीवर एक दरवाजा आहे. एवढा थोरला, संगमरवरी. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणा राजानं देऊळ बांधायला घेतलं. दरवाजा उभा राहिला आणि राजा पडला. काम तिथेच थांबलं. नुसता दरवाजा! आत काही नाही, बाहेर समुद्र. आणि लोक संध्याकाळी रांग लावतात फोटो काढायला.”

“रांग आहे ना काका?” बाबा म्हणाला. “मग जमेल आम्हाला. एक्स्पिरियन्स आहे.”

काका खूप हसले. मग एकदम थांबले. “तुमचं ग्रीनकार्ड अजून…?”

“अजून.”

“कमाल आहे. आमच्या वेळी आठ महिने लागले होते रे. उशीर झाला म्हणून मी भांडून आलो होतो ऑफिसात!”

बाबा वरण वाढायला उठला. काका मला हळूच म्हणाले, “सुहासिनी, पोरीला भेटा. बाकी सगळं राहू दे.” मी हो म्हटलं. सोपं असतं त्यांचं. त्यांचा पासपोर्ट अमेरिकेचा आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही ग्रीसच्या व्हिसासाठी वॉशिंग्टनला ड्राइव्ह करून जातोय. बाबानं सुट्टी टाकली आहे. स्वतःहून.

आई

२४ मार्च

आशू,

व्हिसाचं काम झालं. पासपोर्ट पोस्टानं येतील. खिडकीतल्या मुलीनं बाबाला विचारलं, पर्पज ऑफ ट्रिप? तो म्हणाला, “डॉटर.” ती म्हणाली, सर, टुरिझम लिहा.

मी प्लाकाचे फोटो बघत बसते. सरळ, रिकामी वाळू. आपला एमराल्ड आयलचा बीच आठवतो. तीन तास ड्राइव्ह करून पोचायचो, तू गाडी थांबायच्या आत दार उघडायचीस, आणि बाबा वाळूवर उभा. हातात ती झिपची पिशवी, तिघांचे पासपोर्ट आणि सगळे कागद घातलेली. गाडीत ठेवली तर चोरीला जाईल, खोलीवर ठेवली तर आग लागेल. म्हणून बीचवर. तू पाण्यातून ओरडायचीस, “बाबा, कम इन!” तो पिशवी वर करून दाखवायचा. दर वर्षी. पुढे पुढे तू ओरडायची बंद झालीस. ते नेमकं कुठल्या वर्षी, ते मला आठवत नाही.

आज मंगळवार आहे. बाबा घरीच आहे. हल्ली घरून काम करतो. आत्ता व्हॅक्यूम करतोय, सकाळी गॅरेज आवरलं. तुझी जुनी सायकल त्यानं पुसून ठेवली आहे. अकरा वाजता पोहे केले, बरे झाले होते. दाराशेजारच्या खिळ्यावर त्याचं ऑफिसचं ओळखपत्र असायचं ना, तिथे मी आता छत्री लावली आहे.

बेटावर एक अर्धवट पुतळाही आहे. डोंगरात कोरायला घेतला आणि दगडाला तडा गेला म्हणून तसाच आडवा सोडला. बघायला जायचं का, ते तू ठरव. मला वाटतं दरवाजा एक बास झाला.

आई

६ एप्रिल

आशू,

मंगळवारी दुपारी व्हॅक्यूम करणारा बाबा वाचून तू ओळखलंच असशील. वीस मार्चला त्याची नोकरी गेली. व्हिडिओ कॉलवर, त्याच्या टीममधल्या सगळ्यांची एकदम. नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळतात हे तुला मी सांगायला नको. तेवढ्यात दुसरी कंपनी कागद भरते किंवा आपण देश सोडतो. साठावा दिवस एकोणीस मे.

मला वाटलं होतं तो मोडून पडेल. पहिले काही दिवस तो नुसता घर आवरत होता. मग परवा सकाळी मी खाली आले तर हा टेबलावर बेटाचा नकाशा पसरून बसलेला.

“सुहास, आपलं विमान कधीचं?”

“एकोणीसचं.”

“म्हणजे साठावा दिवस. बरोब्बर.” तो हसायला लागला. “रिटर्न तिकीट कॅन्सल कर. तिथूनच पुढे नागपूर. परत यायचंच नसेल तर कुणाच्या बापाची भीती आहे यार?”

आशू, मी लग्नानंतर या माणसाला इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. अर्ज करतोय, फोन येत नाहीत, आणि फोन आला नाही की तो चक्क शीळ घालतो. बोटीत वरच्या डेकवर बसायचं, खाली नाही, हे त्यानं ठरवलंय. तो आडवा पुतळा बघायचाच म्हणतो. “बिचारा अडीच हजार वर्षं पडलाय, आपण दहा मिनिटं जाऊ.” काल दुकानातून येताना त्यानं पोहायची चड्डी आणली. नारिंगी. त्यावर अननस आहेत. मी म्हटलं, विनय, लेक लाजेल. तो म्हणाला, लाजू दे, निदान बोलेल तरी.

घर भाड्यानं द्यायचं की विकायचं ते ठरेल. भांडी लोक घेऊन जातील. मला वाईट वाटतंय का, असं तू विचारलंस तर सांगता येणार नाही. एक कप्पा आवरते, रडते, पुढचा कप्पा आवरते. पण बाबा शीळ घालत असतो, त्यामुळे रडणं फार वेळ टिकत नाही.

तुझ्या खोलीला हात लावलेला नाही. काय ठेवायचं ते कळव. कळवायचं नसेल तर सगळंच आणते.

आई

२८ एप्रिल

आशू,

शुक्रवारी दोन गोष्टी आल्या. दुपारी तुझं दुसरं कार्ड आलं: ‘बाबाला सांग, मेमध्ये तिथलं पाणी थंड असतं. पण तो यायला हवा. भुर्जी असता तर तोही आला असता.’

तुझ्या हाताचं ‘बाबा’. त्यानं ते वाचलं आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी काचेतून बघत होते. झोपाळा ‘तेव्हा’ जिथे येणार होता, त्या जागेवर तो उभा होता.

संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून फोन आला. नोकरी मिळाली. बारा-पंधरा इंटरव्ह्यू फुकट गेल्यावर, ज्याची आशा सोडली होती तिथून. कंपनी लगेच कागद भरणार आहे, शेवटच्या तारखेच्या आत. मी देवापुढे साखर ठेवली. मग व्हिसाचं बघणाऱ्या वकीलबाईंचा फोन झाला. बाबानं स्पीकरवर टाकला होता.

त्यांचं म्हणणं असं: कागद मंजूर होईपर्यंत बाबानं देश सोडायचा नाही. माणूस बाहेर असताना अर्ज आला तर आता कंपनीला इतकी मोठी फी पडते की ती भरणार नाही, सरळ माघार घेईल. मंजुरीला किती दिवस? तीन आठवडे, नाहीतर सहा महिने.

मी विचारलं, “आमची चार दिवसांची ट्रिप आहे, वीस मेला. मुलीला भेटायला.”

त्या म्हणाल्या, “मॅम, मुलगी इकडे येऊ शकत नाही का?”

बाबानं फोन उचलून स्पीकर बंद केला.

मला तुला हे लिहायचं नव्हतं. बाबा म्हणतो, थांब, काहीतरी मार्ग निघेल. मी सात वेळा खोलीच्या बुकिंगचं पान उघडलं आणि कॅन्सलचं बटण दाबलं नाही. रात्री जेवताना तो म्हणाला, “तिला सांग ना, पुढच्या वर्षी.”

“तू सांग.”

“माझं ती ऐकत नाही.”

“म्हणूनच तू सांग.”

त्यानं पोळीचा तुकडा मोडला आणि ताटात ठेवून दिला. शीळ नाही आता घरात.

आई

४ मे

आशू,

काल आम्ही भांडलो. भांडण म्हणजे तुझ्या बाबाचं, आवाज न चढवता. तुला ते सगळं कळायला हवं असं मला वाटतं, कारण तू एकदा कॅनडावरून असंच भांडली होतीस, आणि तेव्हा मी मधे पडले नव्हते, भांडी घासत होते.

तू चौदा वर्षांची होतीस, कॅनडात स्थायिक व्हायचे कागद आले होते, तू बर्फावर स्केटिंग शिकायला लागली होतीस. बाबा म्हणाला, इथलं दोन वर्षांत होईल, आता कशाला सगळं उपटायचं? ती दोन वर्षं संपलीच नाहीत. तुला एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि आमच्या कागदावरून तुझं नाव उतरलं. स्टुडंट व्हिसा घे, असं सगळे म्हणाले. तू म्हणालीस, तिसऱ्या वर्षापासून जिथे राहतेय त्या घरात मी पाहुणी म्हणून अर्ज करणार नाही. आणि नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला निघून गेलीस. एअरपोर्टवर मला मिठी मारलीस आणि बाबाला म्हणालीस, “लाइनसाठी बेस्ट ऑफ लक, बाबा.” त्याबद्दल तो एक अक्षर बोललेला नाही. पण मी काल ते वाक्य त्याला परत म्हणून दाखवलं.



“एकोणीस वर्षं, सुहास. आता कुठे आपली तारीख दिसायला लागली आहे. पुढच्या वर्षी, फार तर त्याच्या पुढच्या. आत्ता मी बाहेर पडलो तर मग हे कशासाठी केलं आपण?”

“मला नाही माहीत कशासाठी केलं.”

“तिच्यासाठी. अजूनही तिच्यासाठीच. मला ग्रीनकार्ड मिळालं की मी तिच्यासाठी अर्ज करू शकतो. मुलगी म्हणून. ती परत येऊ शकते. तिच्या घरी.”

“विनय, त्यालाही रांग आहे. कितीतरी वर्षांची.”

“असू दे की. मी उभा राहीन.”

“तिनं बोलावलंय ते चार दिवसांसाठी. तिला घर नकोय, तू हवायस.”

“मी गेलो तर चार दिवस भेटेन,” तो म्हणाला. “आणि तिचं परत यायचं दार कायमचं बंद होईल. ते मी माझ्या हातानं करू?”

आशू, तू इथे असतीस तर ओरडली असतीस, की मला ते दार नकोच आहे. मी ओरडले नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. केस पांढरे झालेत, टी-शर्टवर डाळीचा डाग होता. मला दिसलं की हा माणूस खरंच असं समजतो. त्याला तुझ्यावर प्रेम करण्याचा दुसरा प्रकार कुणी शिकवलेलाच नाही. नागपूरला त्याचे वडील रेशनच्या रांगेत उभे राहायचे, पोरांना घरी ठेवून. तेही काही बोलायचे नाहीत. घरी यायचे, पिशवी ठेवायचे.

मी त्याला माफ केलं असं नाही. कळलं, एवढंच.

आणि मग मी म्हटलं, “मी जाते.”

“तिनं लिहिलंय, एकटं यायचं नाही.”

“लिहू दे.”

“तुला परत येता येईल की नाही…”

“वकीलबाईंशी बोलले मी. सकाळी. तू शॉवरमध्ये होतास.”

आई

१२ मे

आशू,

हे कुरिअरनं पाठवतेय. तू निघायच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं.

मी एकटी येतेय. तुझी अट मोडून. त्यासाठी तू बेटावर आली नाहीस तर मला राग येणार नाही. पण मी येणार आहे.

वीस तारखेला दुपारच्या बोटीनं उतरेन. माझ्याबरोबर दोन मोठ्या बॅगा असतील. चार दिवसांच्या सहलीला एवढं कशाला आणलंस, असं तू विचारायच्या आधीच सांगते. मी इथून बाहेर पडले की बाबाच्या कागदांबरोबरचा माझा अर्ज गळतो. बाबाचं मंजूर झालं तर मला परत येता येतं, पण पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का ऑगस्टमध्ये संपतो. मंजुरी त्याआधी आली नाही तर नवा शिक्का भारतात जाऊन घ्यायचा, आणि तिथल्या तारखा पुढच्या वर्षीच्या आहेत. म्हणून नाक्सोसहून मी अमरावतीला मावशीकडे जाणार. तिथून परत कधी येईन, ते मला माहीत नाही. येईन का, तेही माहीत नाही. बाबा हा प्रश्न विचारत नाही आणि मी उत्तर देत नाही.

एका बॅगेत माझं सामान आहे. दुसरीत तुझी खोली. जेवढी मावली तेवढी.

बाबा सतरा तारखेला गाडीत सामान घालून क्युपर्टिनोला निघतोय. हेमचंद्रकाका मला एअरपोर्टवर सोडणार आहेत. त्यांनी विचारलं, “विनय नाही जात?” मी नाही म्हटलं. काका म्हणाले, “संध्याकाळी जा त्या दरवाजाकडे. गर्दी असली तरी जा.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो काढायला विसरले.

अननसाची चड्डी बाबानं त्याच्या बॅगेत ठेवली आहे. टॅग अजून काढलेला नाही. मी पाहिलं, त्याला ते कळलं, आणि तो म्हणाला, “अगं, क्युपर्टिनोला पूल असतात.”

काल रात्रीचं सांगते आणि थांबते. आम्ही कागद वेगळे करायला बसलो होतो. ती झिपची पिशवी त्यानं टेबलावर उघडली. तू गेलीस तेव्हा तुझा पासपोर्ट तूच ओढून काढला होतास, त्यानंतर तिच्यात आमचे दोन राहिले होते. त्यानं माझा काढला. दोन्ही हातांत धरून जरा वेळ बसला, जसा काही तो गरम आहे. मग माझ्यापुढे ठेवला आणि पिशवी बंद करायला लागला. ती झिप एका कोपऱ्यात अडकते, तुला माहितीये. तो अंगठ्यानं दाबत राहिला.

मान वर न करता म्हणाला, “सुहास, बीचवर पासपोर्ट नेऊ नकोस.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“खोलीवरच ठेव. काही होत नाही. तिच्याबरोबर पाण्यात जा.”

“मला पोहता येत नाही, विनय.”

“तिला येतं,” तो म्हणाला. “तिचा हात धर.”

मी निळा पोहायचा ड्रेस घेतला आहे. आयुष्यातला पहिला. सकाळी मी त्या गुडघाभर पाण्याच्या बीचवर असेन, आणि संध्याकाळी दरवाजापाशी. जिथे यावंसं वाटेल तिथे ये. चारही दिवस मी असेन.

कागद खोलीवर असतील.

आई